खरे काम आणि टिकणारा माणूस

महाराष्ट्रात मूल शाळेत दाखलच होत नाही, ही तक्रार आता फारशी उरलेली नाही. दाखल झालेले मूल शाळेत टिकत नाही ही तक्रार मात्र आहे, आणि आठवीच्या पुढे ती अधिक ठळक होते. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा; १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना तो लागू आहे. मूल नववीत पाऊल टाकते तेव्हा कायद्याची हमी संपत आलेली असते. त्याच सुमारास गणिताची दोन पुस्तके होतात आणि दहावीच्या परीक्षेची भाषा वर्गात सुरू होते. घरात हेच मूल कमावण्याच्या वयाचे धरले जाते. मुलगी असेल तर स्थळांची चौकशी सुरू होते. शाळेने हात आखडता घ्यायचा आणि घरच्या ओढीने जोर धरायचा, असे दोन्ही एकाच वर्षी घडते.

अडचणीतली मुले म्हणजे कोण, हे ठरवताना बुद्धीचा संबंध फार कमी येतो. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या दुष्काळी पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. धाकट्या भावंडांना सांभाळायला थोरली मुलगी बरोबर जाते. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडणीचा हंगाम संपेपर्यंत, शाळेचे निम्मे वर्ष सरलेले असते. सरकारने यासाठी हंगामी वसतिगृहे काढली आणि दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक दिले. दोन्ही उपाय योग्यच आहेत. पण पत्रक दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसलेली मुलगी तिथे पाहुणीच राहते आणि परतल्यावर आपल्या शाळेतही अर्धी पाहुणी होते. वीटभट्टीवरच्या कुटुंबांची मुले, घरी वारली, कोरकू किंवा पावरी बोलून शाळेत पुस्तकी मराठीला तोंड देणारी आश्रमशाळेतली मुले, वडील गेल्यावर आईच्या मजुरीवर चालणाऱ्या घरांतली मुले, शहरातल्या वस्तीत संध्याकाळी टपरीवर काम करून सकाळी वर्गात पेंगणारी मुले या सर्वांची कारणे वेगवेगळी आहेत. पण शाळेत त्यांची जी गत होते ती एकच. मधले धडे बुडतात. बुडालेले विचारण्याची लाज वाटते. प्रगतिपुस्तक वाचून जाब विचारणारे किंवा धीर देणारे घरात कोणी नसते. मूल मागच्या बाकावर जाऊन गप्प बसते आणि त्या गप्प बसण्याला शाळा मंदपणा समजते.

यावर शाळांचा नेहमीचा उपाय जादा तासाचा. जे पुस्तक एकदा कळले नाही तेच पुन्हा, थोडे सावकाश आणि बहुधा शाळा सुटल्यावर, म्हणजे मूल दमलेले असताना. ज्याचा पाया बरा आहे आणि एखादाच धडा चुकला आहे त्याला याचा उपयोग होतो. ज्याची चार वर्षांची गणिते साचली आहेत त्याला आपल्याला काय येत नाही याचीच पुन्हा आठवण मिळते. याहून वेगळ्या दोन वाटा आहेत. एक, हाताने करायच्या कामातून, म्हणजे प्रकल्पातून शिकणे. दुसरी, मुलामागे शिक्षक, कारागीर किंवा थोरला विद्यार्थी असा एक जाणता माणूस दीर्घकाळ उभा करणे. कार्यक्रम आखताना या दोन्हींचे खाते बहुधा वेगळे ठेवले जाते. काम कार्यानुभवाच्या तासाकडे जाते आणि माणूस समुपदेशनाच्या खात्यात जातो. प्रत्यक्षात त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. काम खरे असेल तर माणसाला मुलाशी बोलायला निमित्त मिळते आणि माणूस टिकला तर कामातून शिक्षण निघते. दोन्हींपैकी एक नसेल तर दुसरे बहुतेक वेळा वाया जाते. हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

कामातून शिकण्याचा विचार भारतात धोरण म्हणून मांडला गेला तो वर्ध्यात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने लगोलग आराखडा तयार केला आणि पुढच्या वर्षी हरिपुरा काँग्रेसने तो स्वीकारला. हीच नई तालीम. सूतकताई, शेती किंवा सुतारकाम यांपैकी एक हस्तोद्योग मध्यभागी ठेवायचा आणि भाषा, गणित, समाजज्ञान त्याच्याशी जोडून शिकवायचे, ही त्यातली कल्पना. मुलांच्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, ही गांधीजींची अपेक्षा मात्र परिषदेतच वादाची ठरली. शाळकरी मुलांचा माल बाजारात आला तर गावच्या कारागिराचे काय, असा आक्षेप अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी घेतला. समितीनेही अहवालात धोक्याची सूचना दिली, की उत्पन्नाच्या बाजूवर भर पडला तर शिक्षणाची बाजू मागे पडेल. ही सूचना आजही शिळी झालेली नाही.

अमेरिकेत हीच चर्चा वेगळ्या टोकाने सुरू झाली होती. जॉन ड्युई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा काढली. त्यांच्या विचारांचे विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवरचा निबंध लिहिला आणि हेतू ठरवणे, आखणी करणे, काम करणे आणि झालेल्या कामाची पारख करणे असे प्रकल्पाचे चार टप्पे मांडले. आज शाळांमध्ये प्रकल्प म्हणून जे दिसते त्यात यातला तिसरा टप्पा तेवढा असतो, तोही पालकांनी पार पाडलेला.

महाराष्ट्राची स्वतःची परंपरा या दोन्हींपासून थोडी वेगळी आहे, कारण इथे प्रश्न गरीब मुलाला शाळेत ठेवायचे कसे, असा होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलांनी शेतात, स्वयंपाकघरात, बांधकामावर राबायचे आणि त्यावर शिकायचे. ‘कमवा व शिका’ हे सूत्र पुढे महाविद्यालयापर्यंत पोचले. या वसतिगृहांत मुलाला नुसते काम मिळत नव्हते. थोरली मुले धाकट्यांवर लक्ष ठेवत आणि चूल एकच असे. तारा मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि नंतर ते कोसबाडला नेले. तिथल्या वारली मुलांना गुरे राखायची असत, म्हणून अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी कुरणशाळा काढली. मूल गुरे सोडून शाळेत येत नाही, तर शाळा कुरणात न्यायची, इतका साधा विचार त्यामागे होता. अडचणीतल्या मुलांसाठी पुढे आखल्या गेलेल्या कितीतरी योजनांना हा साधेपणा साधलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर नई तालीम हळूहळू मागे पडली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे भारदस्त नाव दिले. वर्गात पोचेपर्यंत त्याचे काय झाले ते महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना ठाऊक आहे. रंगीत कागदाची फुले, काड्यापेटीचा सोफा, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर आणि सत्राच्या शेवटच्या आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे तयार नमुने. कोणालाच नको असलेली वस्तू कोणीच पारखत नाही. सगळ्यांना सारखेच गुण मिळतात आणि मुले शिकतात ते एवढेच, की या तासाला महत्त्व नाही.

दुसरा धोका याच्या उलटा आणि अधिक गंभीर आहे. मद्रास राज्यात मुख्यमंत्री सी. राजगोपालाचारी यांनी १९५३ मध्ये प्राथमिक शाळेची वेळ तीन तासांवर आणली. उरलेला वेळ मुलांनी घरच्या धंद्यात द्यावा, अशी योजना होती. कुंभाराच्या मुलाने चाकावर बसायचे आणि धोब्याच्या मुलाने घाटावर जायचे, असा तिचा सरळ अर्थ निघत होता. पेरियार यांच्या नेतृत्वाखाली मोठा विरोध झाला आणि १९५४ मध्ये के. कामराज मुख्यमंत्री झाल्यावर योजना मागे घेतली गेली. हा विरोध हाताच्या कामाला नव्हता. बापाचा धंदा शाळेच्या शिक्क्यासह मुलाच्या गळ्यात बांधण्याला होता. ज्या समाजांनी पिढ्यानपिढ्या हातांनीच काम केले त्यांना शाळेकडून लेखणी हवी असते. त्यांच्या मुलांना पुन्हा हातोडा देताना शाळेने याचे उत्तर द्यायला हवे. ‘कच्च्या मुलांसाठी व्यवसाय शिक्षण, हुशार मुलांसाठी विज्ञान’ अशी वाटणी झाली की ते उत्तर देता येत नाही. काम करायचे तर सगळ्या वर्गाने करायचे, डॉक्टरच्या मुलानेही, आणि त्यातून निघणारे गणित व विज्ञान सगळ्यांनीच शिकायचे.

या दोन्ही धोक्यांतून वाट काढलेले महाराष्ट्रातले उदाहरण पाबळचे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. अमेरिकेत डॉक्टरेट, मग म्हैसूरची केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था आणि नंतर हिंदुस्थान लिव्हरचे संशोधन केंद्र, असा त्यांचा प्रवास. तिथली नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कमी पावसाच्या गावात विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. नाईक यांनी स्थापलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे ते एक केंद्र होते. गाव निवडण्यामागे हिशेब होता. देशातल्या बहुसंख्य खेड्यांसारखेच पाणी, रस्ता आणि जमीन असलेल्या गावात जे चालेल ते इतरत्रही चालू शकेल.

आश्रमाने शाळेसाठी जो अभ्यासक्रम बनवला त्याचे नाव मूलभूत तंत्रज्ञान. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करायचे. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाबळच्या शाळेत त्याची सुरुवात झाली आणि राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून त्याला मान्यता दिली. चारही विभाग सगळ्यांनी करायचे, ही यातली मोठी गोष्ट. मुलगा चपाती लाटतो, मुलगी वेल्डिंगचा कांडी-होल्डर धरते, आणि कोणाच्या घरचा धंदा कोणता याचा संबंध राहत नाही. राजगोपालाचारींच्या योजनेत जे बिघडले होते ते इथे मुळातच टाळले आहे.

दुसरी मोठी गोष्ट शिकवणाऱ्यांची. हे विषय शिकवायला पदवीधर शिक्षकाऐवजी निदेशक म्हणून गावातला जाणता कारागीर किंवा आश्रमातूनच शिकून बाहेर पडलेला तरुण घ्यायचा. ज्याचे पोट वेल्डिंगवर चालते त्याच्या हातातले वेल्डिंग खरे असते. तिसरी गोष्ट कामाच्या खरेपणाची. मुलांनी केलेले काम कोणाला तरी लागले पाहिजे. शाळेचे मोडके बाक जोडणे, एखाद्या घराची वायरिंग, शेतकऱ्याने आणलेल्या मातीची तपासणी, रोपवाटिका, रक्तगट आणि हिमोग्लोबिनची चाचणी अशी लोकसेवेची कामे अभ्यासक्रमातच बसवली गेली. सामानाचा खर्च ज्याचे काम त्याच्याकडून घ्यायचा. विहिरीसाठी जागा पाहायला जमिनीचा विद्युत रोध मोजण्याचे कामही आश्रमातल्या मुलांनी केले. पैसे मोजून घेतलेल्या कामाची पारख गिऱ्हाईक स्वतः करते, शिक्षकाला गुण वाटत बसावे लागत नाही.

शाळा सुटलेल्या मुलांसाठी आश्रमात एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रमही आहे आणि त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. दहावी नापास हा शिक्का घेऊन आलेला मुलगा तिथे पहिल्याच महिन्यात लेथसमोर उभा राहतो. २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅबच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या हत्यारांच्या कार्यशाळांच्या, जाळ्यातले अगदी सुरुवातीचे एक केंद्र पाबळला उभे राहिले, याचे लोकांना नवल वाटले. कलबागांच्या दृष्टीने त्यात नवल नसावे. घुमटाकार घरे, छोटे ट्रॅक्टर अशा गोष्टींवर तिथे आधीपासून काम चालू होतेच, आणि संगणकावर चालणारे कटर हेही एक हत्यारच आहे.

खऱ्या कामातून पुस्तकातला विषय कसा निघतो हे एका टाकीवरून नीट दिसते. शाळेला हातपाय धुण्यासाठी फेरोसिमेंटची टाकी हवी आहे, असे धरू. व्यास १.२ मीटर, उंची १ मीटर. जाळी किती कापायची? परीघ ३.७७ मीटर, वर जोडासाठी थोडी जास्त. पाणी किती मावेल? सुमारे १,१३० लिटर. मग कोणी तरी विचारतेच, की टाकी दुप्पट रुंद केली तर? भिंतीची जाळी दुप्पट लागते, पाणी मात्र ४,५०० लिटरच्या वर, म्हणजे चौपट मावते. तळ तेवढा चौपट वाढतो. आठवीतल्या ज्या मुलाला पायचे सूत्र पाठ होत नव्हते त्याला हे जाळीचा तुकडा हातात धरून कळते, कारण सूत्र चुकले तर जाळी कमी पडते आणि पुन्हा बाजारात जावे लागते. भिंत अडीच सेंटिमीटर जाड धरली तर सुमारे ९४ लिटर मसाला लागेल. प्रमाण एकास तीन. मुले तेवढेच सिमेंट आणि वाळू मोजून घेतात आणि मसाला कमी पडतो. गवंडी आधीच म्हणालेला असतो, की दोन पाट्या जास्त धरा. का, ते त्याला सांगता येत नाही. सिमेंट वाळूच्या कणांमधल्या फटींत जाऊन बसते आणि एकूण आकारमान घटते, हे विज्ञानाच्या शिक्षकाने सांगायचे. गवंड्याचा अनुभव आणि शिक्षकाचे कारण एका जागी आले की धडा पुरा होतो. दोघांपैकी एकच असेल तर तो अर्धा राहतो.

गिलावा झाल्यावर टाकीला निदान सात दिवस पाणी मारावे लागते. त्यात रविवार येतो. रविवारी पाणी मारायची पाळी कोणाची, हा प्रश्न वर्गातल्या कोणत्याही सुविचारापेक्षा मुलाच्या मनावर जास्त परिणाम करतो. जो मुलगा आला नाही तरी हजेरीपटावरच्या फुलीखेरीज कोणाला कळत नसे, तो आला नाही तर आता टाकीला तडे जातात. शिवाय चुकीचे स्वरूपही बदलते. वहीतली लाल रेघ हे शिक्षकाचे मत वाटते. टाकी गळते तेव्हा ते कोणाचेच मत नसते, आणि गळती शोधून बुजवता येते. वर्षानुवर्षे ‘चूक’ एवढाच शब्द ऐकलेल्या मुलाला दुरुस्ती हा अनुभवच नवा असतो.

मात्र कामातून शिकणे म्हणजे मुलांना सामान देऊन मोकळे सोडणे नव्हे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात याच पद्धतीवर बोट ठेवले. ज्याला विषयाचे पूर्वज्ञान कमी त्याला स्वतः शोधून काढायला सांगणे फार जड जाते, कारण एका वेळी डोक्यात धरून ठेवण्याच्या गोष्टींना मर्यादा असते. प्रकल्प पद्धतीचे पुरस्कर्ते यावर चिडतात, पण अडचणीतल्या मुलांच्या बाबतीत हा आक्षेप खरा आहे. घरी पुस्तके असलेले मूल अपुऱ्या सूचनांतूनही वाट काढते. दुसरे मूल गोंधळते आणि गटातल्या हुशार मुलाला सामान उचलून देण्याच्या कामावर जाते. चांगला मिस्त्री असे करत नाही. तो आधी स्वतः करून दाखवतो, मग निम्मे झालेले काम हातात देतो आणि सर्वांत शेवटी पूर्ण काम सोपवतो. गॅरेजमधला पोऱ्या असाच शिकतो. पण गॅरेजमध्ये त्याला ‘का’ विचारायची मुभा नसते आणि तिथल्या मालकाला त्याच्या शाळेशी देणेघेणे नसते. शाळेने मिस्त्रीची पद्धत घ्यायची, गॅरेजची बेफिकिरी घ्यायची नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना मजुरीवर ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि शाळेतल्या कामाच्या नावाखाली ती मोडली जाऊ नये यासाठी वेळेची मर्यादा, चष्मे, हातमोजे, बूट आणि मुख्य म्हणजे कामाबरोबर वहीत लिहिलेले कारण या गोष्टी लागतात.

आणखी एक अडचण फारशी बोलली जात नाही. सहा आठवडे चालणारा प्रकल्प स्थलांतर करणाऱ्या मुलीच्या काय कामाचा? ती दिवाळीनंतर जाते आणि परत येते तोवर टाकी भरून वाहत असते. म्हणून प्रकल्प एका दिवसात पुऱ्या होणाऱ्या कामांत तोडावा लागतो आणि प्रत्येक काम जमले की त्याची नोंद मुलीच्या नावावर राहावी लागते. पट्टा पडल्यावर परतलेली मुलगी मग ‘मागे पडलेली’ ठरत नाही. तिची इतकी कामे झाली आहेत आणि इतकी राहिली आहेत, एवढाच हिशेब उरतो. ऊसतोडीच्या तळावर असताना तिने जे पाहिले, म्हणजे गाडीत भरलेल्या मोळ्यांचा हिशेब, वजनकाटा, उचलीतून होणारी कपात, त्यातही गणित आहे. ते तिच्या वर्गाला शिकवता येईल असे काम तिला देणारी शाळा क्वचितच सापडते.

आता माणसाविषयी. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणे, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले मोठेपणी सक्षम निघाली. त्यांच्यात जे समान आढळले त्यात एक गोष्ट ठळक होती. घरातला किंवा घराबाहेरचा निदान एक मोठा माणूस त्यांच्या बाजूने टिकून राहिला होता. आजी, शेजारीण, शिक्षक, कोणीही.

असा माणूस योजनेने देता येतो का, हे अमेरिकेत तपासले गेले. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही एका मुलाला एक प्रौढ सोबती देणारी जुनी संस्था. तिच्या ९५९ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. सोबती मिळालेल्या मुलांचे शाळा बुडवण्याचे आणि अमली पदार्थांना हात लावण्याचे प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा लक्षणीय कमी होते. त्याच माहितीचा जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये पुन्हा अभ्यास केला आणि त्यातून निघाले ते अधिक महत्त्वाचे. सोबत वर्षभर किंवा जास्त टिकली तर फायदा सर्वांत मोठा. पहिल्या काही महिन्यांतच तुटली तर मुलाचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षाही घटला. ज्याला आधीच माणसे सोडून गेली आहेत त्याला आणखी एकाने सोडून जाणे महागात पडते. उत्साहाने दोन महिने येऊन परीक्षा किंवा नोकरी लागताच नाहीसे होणारे स्वयंसेवक मुलांचे नुकसान करतात, हे कटू असले तरी खरे आहे.

सोबत टिकायला तिला काही तरी धरायला लागते. महिन्याला एकदा समोरासमोर बसून ‘घरी सगळे ठीक ना?’ असे विचारल्यावर तेरा वर्षांचा मुलगा ‘हो’ म्हणतो आणि संभाषण संपते. तोच मुलगा निदेशकाशेजारी बसून पत्रा कापताना, नजर कामावर ठेवून, बाप पुन्हा प्यायला लागल्याचे सांगून टाकतो. हात गुंतलेले असले की बोलणे सोपे जाते. शिवाय काम दोघांनाही पुढच्या आठवड्याचे निमित्त देते. मार्गदर्शनाचे बहुतेक उपक्रम मरतात ते वैरामुळे नव्हे, बोलायला काही उरत नाही म्हणून.

मार्गदर्शकाच्या कामाचा निम्मा भाग कागदपत्रांचा असतो आणि प्रशिक्षणात नेमका तोच गाळला जातो. आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण उत्पन्नाचा दाखला आणि मुलाच्या नावाचे बँक खाते वेळेत लागते. वडील नसलेल्या किंवा सांभाळू न शकणाऱ्या घरातल्या मुलासाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम महिना २,२५० रुपये आहे. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधारवरची चुकलेली जन्मतारीख यांतल्या एकेका कागदासाठी आईची दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. तहसीलला कोणत्या खिडकीवर जायचे ते ठाऊक असलेला निदेशक किंवा ताई त्या घराला दहा व्याख्यानांपेक्षा उपयोगी पडते.

सीमाही आधीच ठरलेल्या हव्यात. मुलाला भेटायचे ते शाळेत किंवा कार्यशाळेत, इतरांच्या नजरेसमोर. उसने पैसे द्यायचे नाहीत. भेटवस्तू वर्गातल्या एकालाच द्यायची नाही. मुलाने सांगितलेले गुप्त राहील, पण त्याच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर राहणार नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगायचे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. १०९८ हा मदतीचा क्रमांक कार्यशाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवा. आणि मार्गदर्शकाला न झेपणारे, म्हणजे तीव्र नैराश्य, व्यसन, घरातली मारहाण, पुढे कोणाकडे न्यायचे ते आधीच ठरलेले असावे.

याची फळे मोजायची कशी, यावर शाळांचा गोंधळ उडतो. सर्वांत सोपा मार्ग प्रदर्शनाचा. पाहुणे येतात, मुले पाठ केलेले सांगतात, शिक्षकाने रात्री जागून केलेली प्रतिकृती टेबलावर असते. त्यातून काहीच कळत नाही. आठवीत असलेल्यांपैकी किती जण दहावीला बसले, कामाच्या दिवशीची हजेरी इतर दिवसांपेक्षा किती वेगळी, मुलाने अंदाजपत्रक स्वतः मांडले का, तेच काम दुसऱ्या मापात सांगितले तर जमते का, हे प्रश्न रुक्ष आहेत पण उपयोगी आहेत. पाबळसारख्या कार्यक्रमांचा सर्वांत लवकर दिसणारा परिणाम म्हणजे कामाच्या दिवशी भरलेला वर्ग. दहावीचे गुण त्यामानाने सावकाश हलतात आणि त्यांच्यावरच कार्यक्रमाचे यश तोलले तर तो तिसऱ्या वर्षी बंद पडतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा विषय पुन्हा मध्यभागी आणला. सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकण्यासाठी असावेत, असे त्यात म्हटले आहे. २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामाचे तीन गट केले: सजीवांशी संबंधित, यंत्रे व साहित्याशी संबंधित आणि माणसांच्या सेवेशी संबंधित. पाबळच्या चार विभागांशी त्यांचे नाते सहज दिसते. दहा दिवस मात्र ओळखीपुरते आहेत. सुतार तेवढ्यात मुलाचे नाव लक्षात ठेवील, स्वभाव नव्हे. आठवड्याचा एक दिवस तीन वर्षे मिळाला तर शंभराच्या आसपास दिवस होतात, आणि मार्गदर्शकाचे नाते जुळायला तेवढे लागतात.

अडते ते पैशापाशी, पण जिथे वाटते तिथे नाही. यंत्रखरेदीला अनुदान मिळते. कंपन्यांच्या सामाजिक निधीतूनही यंत्रे येतात आणि त्यांच्यासोबत फोटो निघतात. मग वेल्डिंगच्या कांड्या, पत्रा, बियाणे, खत आणि वाढलेले वीजबिल यांना पैसे उरत नाहीत आणि यंत्रावर कापड पडते. लोकसेवेच्या कामांतून सामानाचा खर्च बऱ्याच अंशी निघू शकतो. निदेशकाचे मानधन मात्र त्यातून निघत नाही, आणि काढायला गेले तर झाकीर हुसेन समितीने ज्याची धास्ती घेतली होती तेच होते. ते मानधन शासनाने, संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने द्यावे लागते. ते जूनला सुरू होऊन सुट्टीतही थांबले नाही, तर पुढच्या जूनला तोच निदेशक त्याच मुलांना पुढचे काम देऊ शकतो.